हातोडा उचलण्याआधी छताला हात लावून पाहा

प्रश्न असा आला आहे: "पुण्यात कोथरूडला १९९४ सालच्या इमारतीत सर्वात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. कार्पेट ७८० चौरस फूट, लिफ्ट नाही. घर जुनं दिसतं आणि उन्हाळ्यात तापतं. सासूबाईंची खोली पश्चिमेला आहे, मेमध्ये त्यांना रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही. नऊ लाखांत सगळं नवं करायचंय, पण पर्यावरणाला धरून आणि विजेचं बिल न वाढवता. इंटिरिअरवाल्यांनी दिलेली यादी अशी: मोझॅक काढून व्हिट्रिफाइड फरशी, बाल्कनी हॉलमध्ये घेणं, घरभर फॉल्स सीलिंग, दुहेरी काचेच्या खिडक्या, तीन एसी. यात काय बदलावं? आणि सासूबाईंचं जुनं सागवानी कपाट ठेवावं की विकावं?"

ताई, पंचवीसेक वर्षं जुन्या घरांची दुरुस्ती करतोय, त्या अनुभवावर सांगतो. या यादीतल्या पाचपैकी चार गोष्टी मी खोडून टाकीन. पाचवीतले दोन एसी खोडीन.

त्याआधी एक करा. आज रात्री साडेनऊला स्टुलावर उभं राहून सासूबाईंच्या खोलीच्या छताला तळहात लावा, आणि मग त्याच खोलीच्या आतल्या, पूर्वेकडच्या भिंतीला. फरक लगेच कळेल. दिवसभर तापलेला पाच इंची स्लॅब ऊन गेल्यावर लगेच गार होत नाही. वरची उष्णता आत झिरपायला त्याला काही तास लागतात आणि ती नेमकी झोपायच्या वेळी खाली उतरते. छताचा आतला भाग रात्रीही खोलीच्या हवेपेक्षा चार-पाच अंश जास्त गरम असलेला मी कित्येक घरांत पाहिला आहे. म्हणून पंखा लावला की वरून गरम वारा येतो. तुमच्या घराचं दुखणं गच्चीत आहे आणि यादीतली एकही गोष्ट गच्चीला हात लावत नाही.

पुण्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर येतो. दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. याचा बांधकामातला अर्थ असा की उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जेमतेम लागतं आणि सगळ्यात जास्त मार आडव्या गच्चीला बसतो. दुसरा नंबर पश्चिमेचा. तुमच्या सासूबाईंच्या खोलीला हे दोन्ही आहेत.

गच्ची सोसायटीची आहे, त्यामुळे पहिलं काम कमिटीकडे अर्ज देण्याचं. वर गळती असेल तर सोपं आहे. गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती, वरच्या मजल्याच्या छताच्या गिलाव्यासकट, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) सोसायटीच्या खर्चाची बाब आहे. गळती नसेल तर फक्त उष्णतेसाठी सोसायटी पैसे देणार नाही. तेव्हा तुमच्या डोक्यावरच्या भागाचा खर्च तुम्ही करता एवढं लिहून दिलं की बहुतेक कमिट्या हो म्हणतात.

क्रम मात्र चुकवू नका. आधी वॉटरप्रूफिंग, मग उष्णता. हे मी स्वतः चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका वरच्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये स्लॅबच्या खालून थर्मोकोल लावून त्यावर पीओपी केलं होतं. मेमध्ये घरचे खूश. ऑगस्टमध्ये एका कोपऱ्यात पीओपी फुगलं. उघडलं तर वर बारीक गळती होती, ती थर्मोकोलच्या मागे कोणाला दिसलीच नाही आणि तोवर सळया गंजून स्लॅबचे पोपडे सुटायला लागले होते. सगळं काढलं, पदरचे पैसे घालून दुरुस्त केलं. तेव्हापासून गच्चीवर बांध घालून तीन दिवस पाणी साठवून पाहिल्याशिवाय मी छताला काही लावत नाही.

ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, शाबूत असेल तर तो फोडू नका. भेगा भरा, पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, कडेचा सिमेंटचा गोल वाटा दुरुस्त करा, पाण्याचा उतार तपासा. मग वर पांढरं काहीतरी. तीन पर्याय आहेत.

सर्वात स्वस्त म्हणजे चुना. मार्चमध्ये दोन हात मारायचा, त्यात चिकटायला थोडा गोंद. कोबा मेमध्ये चटका बसण्याइतका तापतो, पांढऱ्यावर अनवाणी चालता येतं. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी मारावा लागतो. अहमदाबादच्या वस्त्यांमध्ये उन्हाळी कृती आराखड्यात पत्र्यांवर आणि स्लॅबवर चुना मारायचा कार्यक्रम याच साध्या तत्त्वावर आहे. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं.

दुसरा पर्याय तयार 'कूल रूफ' रंगाचा. चांगल्या कंपनीचा घेतला तर काही वर्षं टिकतो. अट एकच, तो पांढरा राहिला पाहिजे. आपल्याकडे ऑक्टोबरपर्यंत गच्चीवर काळं शेवाळ धरतं, आणि शेवाळलेला कूल रूफ साध्या गच्चीइतकाच तापतो. फेब्रुवारीत एकदा घासून धुवायची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवा.

तिसरा पर्याय माझ्या आवडीचा, चायना मोझॅक. फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे सिमेंटात बसवायचे. टाइलच्या दुकानांत आणि गोदामांत फुटका माल पडलेलाच असतो, तो कचऱ्यात जायचा वाचतो. पाण्याला अडवतो, घासता येतो, पुन्हा पुन्हा रंग लावायला लागत नाही. बसवायला वेळ आणि हातात कसब असलेला गवंडी लागतो, ही त्यातली अडचण. आणि वजन वाढतं, म्हणून एकदा इंजिनिअरला विचारून घ्या.

पैसे उरत असतील तर पांढऱ्या थराच्या खाली दोन इंची एक्सपीएस फोम, म्हणजे उष्णता अडवणारे कडक फोमचे तक्ते, घाला. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने २०१८ साली 'इको निवास संहिता' काढली, तिच्यात छतातून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा १.२ वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश अशी आहे. तुमच्या स्लॅब आणि कोब्याचा हिशेब मांडला तर आकडा साधारण सव्वादोन येतो. दोन इंच फोम घातला की तो ०.५ च्या आसपास उतरतो. ज्यांच्या गच्चीला सोसायटी हात लावू देत नाही त्यांनी खालून फोम आणि जिप्सम बोर्ड करावं, पण तो दुय्यम उपाय. तसं केलं तर स्लॅब तापतच राहतो आणि रोज फुगून-आकसून वरचा कोबा तडकवतो. गच्चीवर पत्र्याची शेड मारू नका. विनापरवाना असली तर महापालिकेची नोटीस येते.

सोसायटीत सोलरचा विषय निघाला तर तो उचलून धरा. सामाईक मीटरसाठी, म्हणजे पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी, 'पीएम सूर्यघर' योजनेत गृहनिर्माण संस्थांना किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॉटला शंभरेक चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. तुम्हाला मिळणारा फायदा वेगळाच. पॅनल तुमच्या डोक्यावर बसवायला सांगा, खाली सावली पडते. पायासाठी वॉटरप्रूफिंगला भोकं पाडू देऊ नका, वर ठेवायचे काँक्रीटचे ठोकळे मागा.

आता पश्चिमेची खिडकी. पाच बाय चारची साधी काच, संध्याकाळी चारचं ऊन. हिशेब केला तर तेवढ्या काचेतून नऊशे वॉटच्या आसपास उष्णता आत येते. म्हणजे मे महिन्यात सासूबाईंच्या खोलीत रोज दोन-तीन तास एक हीटर चालू असतो. आतून जाड पडदा लावला तरी ऊन काच ओलांडून आलेलं असतं, पडदा तापतो आणि खोली तापवतो. ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे. आपले आजी-आजोबा ओटीवर बांबूची चिक लावायचे ती याचसाठी. ग्रिलच्या बाहेरच्या बाजूने चिक, नाहीतर गुंडाळता येणारी शेडनेट. पैसे असतील तर अॅल्युमिनिअमच्या उभ्या पट्ट्या, पश्चिमेचं ऊन तिरपं आणि खाली येतं म्हणून. वरचा छज्जा दक्षिणेला कामाचा, पश्चिमेला त्याचा फारसा उपयोग नाही. बिल्डरने चारही बाजूंना एकाच मापाचे छज्जे दिलेत, कारण त्याला नकाशा एकदाच काढायचा होता.

दुहेरी काच कशाला नको, तेही सांगतो. साध्या दुहेरी काचेतून ऊन जवळजवळ एकेरीइतकंच आत येतं. तिचा गुण असा की आतली आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात मोठा फरक असेल तर तो टिकवते. युरोपात बाहेर शून्य आणि आत वीस असतं, तिथे ती लाखमोलाची. तुमच्याकडे दिवसभर एसी चालणार नसेल तर त्या पैशाचं काही होत नाही. घर मोठ्या रस्त्यावर असेल आणि आवाजाचा त्रास असेल तर घ्या, पण मग आवाजासाठी घेतली म्हणा.

खिडक्या बदलायच्याच असतील तर सरकत्या काढून उघडणाऱ्या पल्ल्यांच्या घ्या. सरकती खिडकी कितीही ओढा, अर्धीच उघडते. पुण्याचं भाग्य असं की एप्रिलमध्ये दुपारी ३८ असलं तरी पहाटे २०-२१ पर्यंत उतरतं. रात्री आठ ते सकाळी आठ समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या, डासांच्या जाळ्या लावून, आणि दिवसा बंद आणि झाकलेल्या. भिंती रात्री गार होतात आणि दुपारपर्यंत साथ देतात. मुंबईतल्या वाचकांनी हे करून निराश होऊ नये, तिथे रात्रही दमट आणि उकाड्याचीच. तुमच्याकडे कूलरही एप्रिल-मेमध्ये छान चालतो, हवा कोरडी असते तोवर. मुंबईत कूलर म्हणजे घरात पाऊस.

बाल्कनीबद्दल जरा रागानेच लिहितो. पुण्यात प्रत्येक दुसऱ्या घरात बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली असते आणि मग तेच लोक हॉल तापतो म्हणून मला बोलावतात. बाल्कनी म्हणजे हॉलच्या भिंतीवर धरलेली छत्री. ती चार फूट सावली काढून तिथे काच लावली की ऊन थेट सोफ्यावर येतं. शिवाय मधली भिंत पाडताना तुळईला धक्का लागण्याची भीती आणि परवानगीचा घोळ वेगळा. चाळीस चौरस फूट मिळतात, पण वर्षातले चार महिने तिथे कोणी बसत नाही. बाल्कनी उघडी ठेवा, दोन कुंड्या आणि एक आरामखुर्ची टाका.

फरशीचं गणित मांडून दाखवतो, कारण 'पर्यावरणपूरक' म्हणून विकल्या जाणाऱ्या कुठल्याही वस्तूपेक्षा हा आकडा मोठा आहे. ७८० चौरस फूट म्हणजे ७२ चौरस मीटर. मोझॅक आणि खालचा माल धरून साडेसहा सेंटिमीटर खोदायचं तर पावणेपाच घनमीटर राडारोडा निघतो, नऊ-दहा टन. लिफ्ट नाही, म्हणजे तो बिगाऱ्यांच्या डोक्यावरून तीन जिने उतरणार. मग नवी वाळू आणि अठरा-वीस गोणी सिमेंट वर चढणार. आणि फरशी मोरबीहून ट्रकने येणार, हजार-बाराशे अंशांच्या भट्टीत भाजलेली. सिमेंटसाठी चुनखडी १४५० अंशांपर्यंत तापवतात, त्यात इंधनाचा धूर आणि दगडातून निघणारा कार्बन डायऑक्साइड असं दुहेरी असतं. जगभरच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे.

तुमची मोझॅक फुटलेली नसेल, पोकळ वाजत नसेल, तर मशीनवाल्याला बोलवा. तीन-चार हात वेगवेगळ्या दगडांनी घासून, फटी भरून पॉलिश केली की १९९४ ची फरशी अशी दिसते की पाहुणे भाव विचारतात. मेमध्ये पायाला गार लागते ते वेगळंच. चार-पाच दिवस घरभर राखाडी चिखल होतो, तेवढं सोसा. दोन-चार फुटलेल्या लाद्या बदलायला माळ्यावर जुन्या शिल्लक आहेत का पाहा, त्या काळी लोक ठेवायचे.

बाथरूम फोडावी लागेल, ते टाळता येणार नाही. तीस वर्षांत नहाणी ट्रॅपभोवतीचं, म्हणजे पाणी जायच्या जाळीभोवतीचं, वॉटरप्रूफिंग संपलेलं असतं. तिथे मनासारखं करा, पण फ्लशच्या नव्या टाकीला दोन बटणं असू द्या, तीन आणि सहा लिटरची. जुनी टाकी एका वेळी दहा-बारा लिटर ओतते. नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी, बसवा, काही शे रुपयांचं काम आहे. सांडपाणी खाली नेणारे जुने पाइप अॅस्बेस्टॉस सिमेंटचे असू शकतात, ते कोणाला कटरने कोरडे कापू देऊ नका. धूळ फुप्फुसात जाते. निघालेला राडारोडा महापालिकेच्या गाडीला द्या, वाघोलीला त्यावर प्रक्रिया होते. "साहेब, बघतो आम्ही" म्हणणारा टेम्पोवाला तो रात्री मुठेच्या काठी ओततो. पावती मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.

फॉल्स सीलिंग घरभर नको. साडेनऊ फुटांची उंची साडेआठ होते, पंखे डोक्याजवळ येतात आणि त्यात वीस-पंचवीस दिवे बसतात. वायरिंग लपवायला एखाद्या भिंतीलगत पट्टा केलात तर चालेल.

वायरिंग मात्र बदलाच, त्यात काटकसर नको. तांब्याची नवी वायर, नीट अर्थिंग, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). तीस वर्षांच्या वायरिंगवर एसी आणि इंडक्शन लावणं म्हणजे निखाऱ्यावर झोपणं. वायरसाठी खाचा मारताना तुळई आणि कॉलम यांना हात लावायचा नाही, हे मिस्त्रीला तोंडी नाही, भिंतीवर खडूने लिहून सांगा. स्वयंपाकघरात इंडक्शनसाठी वेगळी लाइन काढून ठेवा, आज लागत नसली तरी.

पंखे सगळे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, हा तिशीत भागवतो. पाच पंखे, रोज सरासरी आठ तास, वर्षाचे नऊ महिने, असं धरलं तर पावणेपाचशे युनिट वाचतात. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे वर्षाला तीनशे किलोच्या वर. पंखा तीन हजारांच्या आसपास येतो. मी सांगतोय त्यात इतक्या लवकर पैसे परत करणारी दुसरी वस्तू क्वचितच, आणि इंटिरिअरवाल्यांच्या यादीत ती नव्हती, कारण त्यात त्यांचं काम नाही.

एवढं करूनही मेचे तीन आठवडे सासूबाईंना त्रास होईल. वय झालं की उकाडा सोसत नाही, तिथे तत्त्व ताणू नये. त्यांच्या खोलीत एक टनाचा पाच तारे असलेला इन्व्हर्टर एसी घ्या. गच्ची आणि खिडकी सुधारल्यावर दीड टन लागणार नाही. गॅस आर-३२ किंवा आर-२९० असलेला बघा. आर-३२ गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापवतो, जुना आर-४१०ए दोन हजार पटींच्या वर. २६ वर लावून पंखा एकवर ठेवा. एसीची खरेदी मात्र सगळ्यात शेवटी, गच्ची झाल्यावर एप्रिलचा एक महिना काढून मग. गेल्या वर्षी असंच सांगितलेल्या एका घराने अजून घेतलेला नाही.

अंघोळीच्या पाण्यासाठी गच्चीवर सोलर हीटर वरच्या मजल्याला सोयीचा, पाइप लहान असतो आणि नळ सोडला की लगेच गरम पाणी येतं. पुणे महापालिका अशा उपकरणांसाठी मालमत्ता करात सवलत देते, तिचे सध्याचे नियम प्रभाग कार्यालयात विचारा.

फर्निचर कमी करा. प्लायवूड चिकटवणाऱ्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड निघत राहतं, नव्या कपाटाचा तो डोळ्यांत जाणारा वास. ई-वन किंवा ई-झिरो दर्जाचं मागा आणि काम झाल्यावर पंधरा दिवस खिडक्या उघड्या ठेवून मगच सासूबाईंना खोलीत झोपवा. बांबूची फरशी, मातीचा गिलावा वगैरे जे कोणी 'ग्रीन' म्हणून सुचवेल त्याला विचारा की आहे ते काढून हे लावायचं का. हो म्हणाला तर चहा पाजून पाठवा.

काम दिवाळीनंतर सुरू करा. गच्ची जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे पाणी साठवून चाचणी होईल आणि पांढरा थर उन्हाळ्याआधी सुकेल. फरशी सर्वात शेवटी पॉलिश करा, नाहीतर सुतार तिच्यावर शिडी ओढतो.

आणि कपाट. सागवानी आहे, तर विकू नका. जुन्या लाकडाच्या वखारीत त्याचे जे पैसे येतील त्यात तेवढ्याच मापाचं प्लायचं कपाटसुद्धा होणार नाही. पॉलिश करून घ्या, बिजागऱ्या बदला, आणि ते सासूबाईंच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला लावा. सहा इंची भिंत संध्याकाळी तापते तेव्हा तिच्यासमोर हे कपाट आणि आतल्या गोधड्या आड येतात. मागे दोन इंच मोकळे सोडा, हवा खेळायला आणि पावसाळ्यात ओल दिसायला.